तीस टिंबं

पंतप्रधानांच्या कार्यालयातून बोलावणं आलं तेव्हा बिनचूकबाईंना आधी वाटलं, आपल्या हातून काहीतरी चूक झाली. मग वाटलं, चूक त्यांच्याकडूनच झाली असावी आणि चिठ्ठी भलत्याच टेबलावर आली असावी. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'सरकारी नियुक्त्या व कारभारातील सुधारणा यांबाबत सल्ला देण्यासाठी सोमवारी उपस्थित राहावे.' बाईंनी ती तीनदा वाचली, उलटून मागची बाजू पाहिली, तिथं काहीच नव्हतं म्हणून पुन्हा पुढून वाचली. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा सल्ला फक्त एकदा घेतला गेला होता, शाखेतला पंखा कोणत्या भिंतीला लावावा याबद्दल. तो पंखा शेवटी दुसऱ्याच भिंतीला लागला होता.

बाई नियुक्ती शाखेत टंकलेखिका होत्या. बिनचूक हे नाव शाखेनंच दिलेलं, आणि ते इतकं चिकटलं होतं की पगारपत्रकावर त्यांचं खरं नाव वाचून नवा माणूस विचारी, ह्या कोण? नावाचं कारण होतं कागद. शाखेत कॉम्प्युटर येऊन पंधरा वर्षं झाली, पण मोठ्या पदाच्या नियुक्तीचा आदेश अजूनही जुन्या टाइपरायटरवरच निघे. जाड, शिक्क्याचा, क्रमांक छापलेला कागद. कुलपातल्या कपाटातून एकेक मोजून मिळायचा. एक कागद खराब झाला तर तिघांना लेखी खुलासा द्यावा लागे. खाडाखोड चालत नसे. एकतीस वर्षांत बाईंनी एकही कागद वाया घालवला नव्हता, आणि ह्याचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या लग्नाचाही नव्हता.

आता गंमत अशी की मुलाखती संपल्या संपल्या आदेशावर सही व्हावी अशी वरच्या मंडळींची घाई. म्हणून आदेश आदल्या दिवशीच टाइप करून ठेवायचा आणि नावाच्या जागी टिंबांची ओळ सोडायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाव ठरलं की कागद पुन्हा मशीनवर चढवून त्या टिंबांवर नाव ठोकायचं. शाखेचे अधीक्षक भारी टापटिपीचे. नावापुढं दोन-चार टिंबं लोंबकळत राहिली तर त्यांना जेवण गोड लागत नसे. म्हणून मसुद्याच्या समासात ते पेन्सिलीनं बारीक आकडा लिहून देत. टिंबं बावीस. टिंबं एकोणीस. आणि दुसऱ्या दिवशी जे नाव येई ते त्या जागेत मापानं शिवलेल्या सदऱ्यासारखं बसे.

सुरुवातीची काही वर्षं बाईंना ह्याचं कौतुकच वाटलं. साहेबांचा अंदाज तरी किती अचूक, असं त्या घरी सांगत. मग एकदा दुपारी डबा खाता खाता त्यांचा घास हातातच राहिला. ज्याचं माप आज घेतलं, तोच माणूस उद्या निवडला जातो, हे त्यांच्या एकदम लक्षात आलं. मग मुलाखती कशाला घेतात? त्यांनी घास खाल्ला, डबा धुतला आणि ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. कुणाला सांगणार? आणि सांगून काय म्हणणार?

हे असंच चालू राहिलं असतं, पण बाईंना मुलगी होती.

मुलगी जमिनीखालच्या पाण्याचं शिकलेली. विहिरींत दोर सोडून, नळकांडी उतरवून पाणी किती खोल गेलं ते मोजणं हे तिचं काम, तेही दर सहा महिन्यांनी मुदत वाढवून मिळणारं. भूजल खात्यात उपसंचालकाची जागा निघाली की ती अर्ज करी. तीनदा केला होता. तिच्या नावा-आडनावाचे टाइपरायटरवर सोळा ठोके होत. बाईंनी ते ती शाळेत जायला लागली तेव्हाच सवयीनं बोटांवर मोजले होते.

पहिल्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी समासात आकडा आला, सत्तावीस. बाईंनी सत्तावीस टिंबं ठोकली आणि घरी आल्या. मुलगी वह्या पसरून बसली होती. "आई, तू प्रश्न विचार, मी उत्तरं देते," ती म्हणाली. बाईंनी विचारले. एकाही प्रश्नातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण मुलगी भराभर सांगत होती आणि डोळे असे चमकत होते की बाई मान डोलवत राहिल्या. मग त्यांनी तिच्या सदऱ्याला इस्त्री केली. दुसऱ्या वेळी टिंबं बावीस होती. तिसऱ्या वेळी एकोणतीस. तिन्ही वेळा त्यांनी प्रश्न विचारले, तिन्ही वेळा इस्त्री केली. सांगावं तर मुलगी जायचीच नाही, न सांगावं तर आपण कसल्या आई, ह्या विचारात सकाळ व्हायची आणि मुलगी बूट घालून निघून जायची. हा असला भित्रेपणा आईच्या पोटी कुठून येतो कोण जाणे, पण येतो खरा.

तर अशा बाई सोमवारी पंतप्रधानांसमोर बसल्या.

पंतप्रधान नवे होते. निवडून येऊन तीन महिने झाले होते आणि कारभार स्वच्छ करीन हे त्यांनी इतक्या सभांत सांगितलं होतं की आता ते करणं भागच होतं. त्यांच्या सुधारणा समितीत मोठमोठी विद्वान माणसं होती. पण कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की खालच्या माणसाचंही ऐकावं. म्हणून सचिवांनी यादी काढली आणि नियुक्ती शाखेत सर्वांत जास्त वर्षं काढलेलं माणूस उचललं. खोली एवढी लांब होती की दारापासून खुर्चीपर्यंत येईतो बाईंनी मनात जुळवलेली पहिली दोन वाक्यं सांडली.

"बाई, सगळे मला काय बदलायचं ते सांगतात," पंतप्रधान चष्मा कपाळावर चढवत म्हणाले. "तुम्ही मला काय होतं तेवढं सांगा."

माणूस गोड बोलत होता. बाईंना एकदम भडभडून आलं. एकतीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.

"साहेब, जागा आधी ठरते," त्या म्हणाल्या. "नाव मग येतं."

"म्हणजे कसं?"

बाईंनी कागद मागितला. सचिवांनी दिला. त्यावर त्यांनी पेन्सिलीनं बावीस टिंबं काढली, एकसारखी, सरळ ओळीत, आणि समजावलं. आदल्या दिवशी बावीस सांगतात. दुसऱ्या दिवशी बावीस ठोक्यांचंच नाव येतं. कधी चुकत नाही. कोण सांगतं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. अधीक्षकांची निवृत्ती चार महिन्यांवर आली होती, आणि बाईंच्या आजारपणात दोन आठवडे बाईंचं काम अधीक्षकांनीच ओढलं होतं.

पंतप्रधानांनी कागद जवळ ओढून टिंबं एकेक मोजली.

"हे कुणालाही मोजता येतं?"

"मोजणाऱ्याला येतं."

"फार गंभीर आहे हे," ते सचिवांना म्हणाले, आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. कळलं एकदाचं. "म्हणजे एकतीस वर्षं नावं मुलाखतीच्या आधीच बाहेर फुटत होती."

"हो," बाई म्हणाल्या. मग त्यांना वाटलं, हो नव्हे. "म्हणजे साहेब, फुटतात असं नाही. ती आधीच असतात, म्हणून..."

"तेच. असतात म्हणून फुटतात. गुप्तता नाही." सचिव लिहून घेत होते. "मला सांगा, सगळ्या आदेशांत टिंबं सारखीच ठेवली तर? समजा तीस?"

प्रश्न सरळ होता आणि उत्तरही सरळच होतं, पण ते दिलं की काहीतरी हातचं निसटेल असं बाईंना वाटत होतं, आणि काय ते सापडत नव्हतं.

"मग मोजता येणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या, कारण ते खरं होतं.

"बघा," पंतप्रधान खूश होऊन सचिवांना म्हणाले. "तीन महिने समिती बसलीय. बाईंनी दहा मिनिटांत काम केलं." मग ते उठून उभे राहिले. "तुमचं स्वतःचं काही काम असेल तर सांगा."

मुलीचं नाव बाईंच्या ओठांपर्यंत आलं. पण आत्ताच आपण काय तक्रार केली आणि आता त्याच तोंडानं काय मागणार, ह्या घोटाळ्यात त्या म्हणाल्या, "नाही साहेब, माझं काही नाही."

जिना उतरताना त्या स्वतःलाच विचारत होत्या. आपलं ऐकलं की नाही ऐकलं? पंतप्रधानांना कळलं नाही, की आपल्यालाच सांगता आलं नाही? आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक वेगळाच विचार आला: त्यांना सगळं नीट कळलं असेल तर? बाई तिथं कठडा धरून थांबल्या. खाली आल्या तरी उत्तर सापडलं नव्हतं.

घरी निराळाच गोंधळ, बाई पंतप्रधानांना भेटल्याचं सगळीकडे पसरलेलं. बाईंचे यजमान वीज कंपनीत मीटर वाचायचे, आता निवृत्त. चाळीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून आकडे लिहिलेला माणूस, आता लोक त्यांच्या दारात येऊ लागले. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला भाच्याला नोकरीत चिकटवायचं होतं. समोरच्या दवाखान्यातली परिचारिका बदलीचा अर्ज घेऊन आली. यजमानांनी वही काढली आणि लोकांना वेळा द्यायला सुरुवात केली.

"अहो, मी टाइप करते फक्त," बाई वैतागून म्हणाल्या.

"अगं, पण काय करायचं ते तूच सांगितलंस ना त्यांना?"

"मी काय होतं ते सांगितलं."

"मग झालं तर," यजमान म्हणाले आणि शिंप्याला गुरुवारची वेळ दिली.

दोन आठवड्यांनी परिपत्रक निघालं. त्यात दोन कलमं होती. एक, ह्यापुढं प्रत्येक नियुक्ती आदेशात नावासाठी तीसच टिंबं सोडावीत. दोन, आदेश आदल्या दिवशी टाइप न करता मुलाखतीच्या दिवशी सकाळी करावा. वर लिहिलं होतं, 'नियुक्ती शाखेतील ज्येष्ठ टंकलेखिकेच्या बहुमोल सल्ल्यावरून.' मुलाखतीबद्दल, निवडीबद्दल, नाव कोण ठरवतं त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. बाईंनी मागची बाजूही पाहिली.

अधीक्षक परिपत्रक घेऊन त्यांच्या टेबलाशी आले. "बाई, तुम्ही होय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. मग हळूच म्हणाले, "माझं नाव नाही ना घेतलंत?"

"नाही हो."

"मग ठीक आहे." ते वळले आणि पुन्हा थांबले. "पण आता टिंबं लोंबकळणार. सोळा-सतराचं नाव आलं की निम्मी ओळ रिकामी. कसं दिसेल ते?"

सोळा म्हणताना ते अडखळले आणि खिडकीकडे पाहू लागले. तेव्हा बाईंना कळलं की मुलीचे ठोके त्यांनीही मोजलेले आहेत. इतकी वर्षं शेजारी बसून दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती.

वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली आणि ती नेमकी मुलीनं वाचली. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाई कपडे घड्या करत होत्या. उद्या तिची चौथी मुलाखत होती. तिनं बूटसुद्धा काढले नाहीत.

"आई, टिंबं सारखी करायचा सल्ला तू दिलास?"

"मी नाही दिला. म्हणजे, तसाच निघाला तो."

"म्हणजे आधी सारखी नव्हती." मुलीचं आयुष्य मोजमापात गेलेलं, तिला दुसरं वाक्य जुळवायला वेळ लागला नाही. "आधी नावाप्रमाणे असायची. तू मोजायचीस."

बाईंनी टॉवेलाची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"माझं नाव किती?"

"सोळा."

"आणि माझ्या वेळी टिंबं?"

खोटं सांगायची वेळ होती आणि बाईंना ते जमलं नाही. आकड्यात त्या कधी चुकल्या नव्हत्या. "सत्तावीस," त्या म्हणाल्या. "मग बावीस. मग एकोणतीस."

यजमान वही घेऊन बाहेरच्या खोलीतून आत येत होते, ते दारातच थांबले.

"आदल्या दिवशी कळायचं तुला," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आणि घरी येऊन तू मला प्रश्न विचारायचीस. मी तोंड सुकेस्तोवर उत्तरं द्यायची."

"तू इतकी आनंदात असायचीस गं."

"म्हणून तू इस्त्री करायचीस."

बाईंनी टॉवेल बाजूला ठेवला. त्या पलंगावर बसल्या. मग मुलीनं विचारलं, "आणि उद्याचं?"

"उद्याचं मला माहीत नाही. आता सगळ्यांना तीसच." हे सांगताना बाईंना आतून विचित्र हलकं वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली. आपल्याला काही माहीत नाही, म्हणून आपण सुटलो? की उद्या खरंच काही होऊ शकतं, म्हणून? हे दोन्ही एकाच ठिकाणी दुखत होतं.

"सदरा राहू दे," मुलगी म्हणाली. "मी करीन इस्त्री."

सकाळी ती न बोलताच निघून गेली. सदऱ्याच्या एका बाहीला इस्त्रीची दुहेरी घडी पडलेली होती. बाईंना ती दिसली, पण सांगायची हिंमत झाली नाही.

शाखेत दहा वाजता कपाट उघडलं. अधीक्षकांनी क्रमांकाचा कागद काढून दिला, भूजल उपसंचालकाच्या आदेशाचा मसुदा दिला. समास कोरा होता. बाईंनी कागद मशीनवर चढवला, वरचा मजकूर टाइप केला आणि नावाच्या जागेशी येऊन पहिलं टिंब ठोकलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना त्या ओळीत कुणाचंही नाव दिसत नव्हतं. सोळासुद्धा बसू शकतात ह्यात, त्यांच्या मनात आलं. पुढं चौदा टिंबं लोंबकळतील, लोंबकळोत. तीस पूर्ण झाली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

अधीक्षक अजून मागंच उभे होते. ते घसा साफ करत होते.

"बाई, परिपत्रकाप्रमाणे तीसच ठेवायची," ते म्हणाले. "पण त्यापुढचा शब्द लगेच घेऊ नका. चार ठोके जागा सोडून मग घ्या."

बाईंचे हात मशीनवरच थांबले. "कशाला?"

"नुसती कोरी. टिंबं नकोत." ते पुन्हा खिडकीकडे पाहत होते. "नाव जरा मोठं आहे. नाहीतर पुढच्या शब्दावर चढेल हो. वाईट दिसेल."

चौतीस. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला दहा कमी होती. दोन रस्ते ओलांडून पलीकडच्या इमारतीत, बाहेरच्या बाकावर, मुलगी दुहेरी घडीच्या बाहीवर हात ठेवून बसलेली असणार. बाईंना पुन्हा तोच जुना प्रश्न पडला, सांगावं की न सांगावं, आणि ह्या वेळी त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. पर्समधून फोन काढला. शाखेत कामाच्या वेळी फोन लावायला मनाई होती.

"हं, आई."

"चौतीस आहे," बाई म्हणाल्या. "आत्ताच कळलं. आत्ताच सांगतेय."

पलीकडं बाक सरकल्याचा आवाज आला, दूरवर कुणीतरी नाव पुकारलं.

"मला बोलावतायत," मुलगी म्हणाली. "तू फोन ठेवू नकोस."

मग खिशाच्या कापडाची खसखस ऐकू आली, पावलं, दार, खुर्ची. बाईंनी फोन कानाला घट्ट दाबला. कुणीतरी भारदस्त आवाजात पहिला प्रश्न विचारला. मुलगी उत्तर देऊ लागली. आवाज कापडाआडून येत होता, तरी सगळं कळत होतं: पाणी कुठल्या थरात अडतं, किती वर्षांत उतरतं, कुठं विहीर खोदणं म्हणजे शेजारच्या गावाची विहीर कोरडी करणं. घरी ती भराभर बोलायची. इथं ती सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलत होती, जणू समोरच्याला हातात देतेय. दुसरा प्रश्न. तिसरा. एकदाही ती अडली नाही. बाईंना वाटलं, आपण तीनदा हिला प्रश्न विचारले आणि एकदाही हिचं उत्तर ऐकलं नाही. डोक्यात टिंबंच होती. शाखेतल्या सगळ्यांनी कामं थांबवली होती. अधीक्षक खुर्चीची पाठ धरून उभे होते.

"उत्तम," तो भारदस्त आवाज म्हणाला. "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

"एकच," मुलगी म्हणाली. "ह्या जागेचा आदेश टाइप झालाय का?"

तिकडं कुणाच्या तरी हातातला कप बशीवर आपटला. "कसला आदेश?" आवाज म्हणाला. "अजून तुमच्यामागं चार उमेदवार आहेत. आदेश कसा असेल?"

पुन्हा कापडाची खसखस झाली. खोलीतला आवाज एकदम स्वच्छ, जवळ आला. फोन खिशातून बाहेर निघाला होता, टेबलावर ठेवला गेला होता.

बाईंनी मशीनवर चढलेल्या कागदाकडे पाहिलं. त्याचा क्रमांक, तारीख, पदाचं नाव, तीस टिंबं. अधीक्षक मानेनं नको नको म्हणत होते, पण फार जोर लावून नाही.

"हो, झालाय," बाई फोनमध्ये म्हणाल्या. "कागद माझ्यासमोर आहे. क्रमांक सांगते, लिहून घ्या."